गाऱ्हाणे आणि अर्ज : विधी स्वयंसेवकाची पहिली मुलाखत – एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : नेरे परिसर, ता. पनवेल, जि. रायगड)

प्रस्तावना :

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणताही नागरिक न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी राज्यावर आली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा त्या अनुच्छेदाचा व्यवहारातील आविष्कार होय. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. पुढे २००९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आखली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या सदस्या, समाजकार्याचे विद्यार्थी अशा वकील नसलेल्या व्यक्तींना अल्प प्रशिक्षण देऊन सामान्य माणूस व विधी सेवा संस्था यांच्यातील दुवा म्हणून उभे करावे, ही त्यामागील कल्पना. बोलण्यात त्यांना ‘पॅरालीगल’ असेच म्हटले जाते.

या योजनेविषयी मराठीत जे लिहिले जाते ते प्रायः माहितीपर असते. कलमे, पात्रता, संपर्काचे ठिकाण, एवढ्यावर ते थांबते. योजनेच्या संहितेचे वाचन एक संहिता म्हणून क्वचितच होते आणि त्या संहितेतून प्रत्यक्ष घडणारा जो पहिला प्रसंग, म्हणजे गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस व ते ऐकणारा स्वयंसेवक यांची पहिली भेट, तो तर चिकित्सेबाहेरच राहतो. वास्तविक पुढचा सारा दावा या अर्ध्या-पाऊण तासावर उभा असतो. येथे जे निसटते ते पुढे वकिलाच्या हाती येत नाही आणि येथे जे चुकीचे लिहिले जाते ते पुढे उलटतपासणीत अशिलाच्याच अंगावर येते.

नेरे : दोन प्रकारचे अशील

या चिकित्सेसाठी नेरे परिसर निवडण्याचे कारण असे की, योजनेने गृहीत धरलेला ‘सर्वसाधारण’ अशील येथे सहसा भेटत नाही. पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगररांगेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. गावात कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. कुष्ठरुग्णांचे उपचार व पुनर्वसन हे त्या संस्थेचे मूळ कार्य. गावापलीकडे डोंगराच्या दिशेने ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. त्यांपैकी कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणली जाणारी जमात. दुसरीकडे २०१३ पासून सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रामुळे या पट्ट्यातील जमिनीच्या व्यवहारांना वेग आला आहे. तालुक्याचे न्यायालय पनवेलला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला. पनवेल अंतराने फार दूर नाही, पण वाडीवरच्या माणसाला तेथील कोणत्या खोलीत, कोणासमोर, काय बोलावयाचे हे ठाऊक नसते. स्वयंसेवकाची गरज निर्माण होते ती येथे.

अशा ठिकाणी पहिली मुलाखत घेणाऱ्या स्वयंसेविकेसमोर येणाऱ्या दोन व्यक्तींची कल्पना करता येईल. एक, वीटभट्टीवरून परतलेली कातकरी स्त्री. उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने तिच्या नवऱ्याला अडकवून ठेवले आहे. दुसरी, कुष्ठरोगातून पूर्ण बरा झालेला एक वयस्क गृहस्थ. गावी त्याच्या भावांनी वडिलोपार्जित जमिनीतून त्याचे नाव वगळले आहे. ही दोन्ही उदाहरणे कल्पित असली तरी त्यांतील अडचणी कल्पित नाहीत. पुढील विवेचनात त्यांचाच आधार घेतला आहे.

‘अशील’ ते ‘अर्जदार’

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीत न्यायालयीन निवेदनाला शब्दांची वाण नाही. कैफियत, जबाब, जबानी, साक्ष, सरतपासणी, उलटतपासणी, प्रतिज्ञालेख अशी मोठीच मालिका आहे. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांच्या कागदांत वादी-प्रतिवादींच्या ‘तकरीरी’ व ‘करीने’ आढळतात. मात्र हे सर्व शब्द निवाडा करणाऱ्यापुढे, लेखी वा तोंडी, मांडावयाच्या निवेदनाचे आहेत. आपल्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ प्रथम जे सांगितले जाते, त्याला मराठीत खास शब्द रुळलेला नाही. ‘मुलाखत’ हा शब्द वृत्तपत्र व नोकरी यांच्या क्षेत्रातून उसना घेतलेला असून तो प्रश्नकर्त्याला मध्यवर्ती स्थान देतो. ‘गाऱ्हाणे’ हा शब्द सांगणाऱ्याला मध्यवर्ती ठेवतो, पण तो कायद्याच्या दप्तरात औपचारिक मानला जात नाही.

‘अशील’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. मूळ अरबी शब्दाचा आशय ‘मुख्य’, ‘मूळ माणूस’ असा. वकील हा त्याचा प्रतिनिधी. म्हणजे शब्दाच्या पोटातच अग्रक्रम ठरलेला होता. विधी सेवेच्या कागदांत मात्र हा मूळ माणूस ‘अर्जदार’ होतो आणि अहवालात ‘लाभार्थी’. मुख्य असलेला मनुष्य घेणेकरी ठरतो. हा केवळ भाषिक फरक आहे असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण पहिल्या भेटीतील प्रश्नांचा क्रम याच शब्दांनी ठरतो. अर्जदाराला प्रथम विचारले जाते ते नाव, जात, उत्पन्न, दाखला. काय झाले हे सर्वांत शेवटी, दोन रेघांच्या जागेत.

विनियमातील विसरलेली ओळ

याबाबत दोष सर्वस्वी संहितेला देणे न्याय्य होणार नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत व सक्षम विधी सेवा विनियम, २०१० मध्ये अर्जासंबंधी जी तरतूद आहे ती काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. अर्जदार निरक्षर असल्यास किंवा अर्ज भरण्याच्या स्थितीत नसल्यास संस्थेने त्यास अर्ज भरण्यास साहाय्य करावे आणि त्याच्या गाऱ्हाण्यांचे टिपण तयार करण्याचीही व्यवस्था करावी, असा तिचा आशय आहे. तोंडी विनंतीसुद्धा अर्जाप्रमाणेच विचारात घेता येते. म्हणजे विनियमकर्त्यांच्या मनात दोन स्वतंत्र कागद होते : एक अर्ज, दुसरे टिपण. पहिल्याचा नमुना ठरलेला असून दुसऱ्याचा आकार मोकळा आहे.

प्रश्न असा की, व्यवहारात यांपैकी कोणता कागद टिकतो? ज्याला रकाने आहेत, ज्याची नोंदवहीत मोजदाद होते, ज्यावर तपासणीत बोट ठेवता येते, तो. टिपण मोजता येत नाही. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातही मुख्य भार आहे तो निरनिराळ्या कायद्यांच्या परिचयाचा. संभाषणकौशल्य हा विषय त्यात एक घटक म्हणून येतो. सर्व घटकांचा पाया म्हणून येत नाही. परिणामी स्वयंसेविका कायद्यांची यादी मनात घेऊन बसते आणि समोरचीचे बोलणे त्या यादीतील कोणत्या खणात बसते याचा शोध पहिल्या वाक्यापासून सुरू करते. नवरा अडकवून ठेवला आहे असे ऐकताच ‘वेठबिगार’ हा खण भरला जातो. त्याच बाईची मजुरीची चिठ्ठी, तिची स्वतःची न मिळालेली मजुरी, भट्टीवर आजारी पडलेले मूल हे सर्व खणाबाहेर राहते. कायदा माहीत असणे दोषास्पद नाही. तो अवेळी आठवणे दोषास्पद आहे.

पात्रतेचा प्रश्न आणि प्रतिष्ठेचा प्रश्न

अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेस पात्र व्यक्तींचे वर्ग दिले आहेत. अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, मानवी अपव्यापार वा वेठीला बळी पडलेली व्यक्ती, स्त्री किंवा बालक, अपंग व्यक्ती, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार, अभिरक्षेतील व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारी व्यक्ती. हे वर्ग ‘किंवा’ या शब्दाने जोडलेले आहेत, हे पहिल्या मुलाखतीच्या दृष्टीने कळीचे आहे. त्यांपैकी एकच आधार पुरतो. कातकरी स्त्री ही स्त्री असल्यामुळेच पात्र आहे. तिला उत्पन्न विचारण्याचे पात्रतेपुरते काहीही प्रयोजन नाही. ज्याच्या बाबतीत उत्पन्न हाच आधार आहे, त्याचेही प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल असे कलम १३ सांगते. तरीही पहिल्या दहा मिनिटांत रेशनकार्ड, जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला यांची मागणी झाली की आलेला माणूस ‘दाखला आणतो’ म्हणून उठतो. तो पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. वाडीवरून तालुक्याला जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे होय.

दुसऱ्या उदाहरणात ही गोष्ट अधिक नाजूक होते. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या व्याख्येत होती आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही ती समाविष्ट आहे. तेव्हा कलम १२ चा आधार तिला आहेच. पण तो आधार घेण्यासाठी, ज्या शब्दापायी घर, गाव आणि जमीन सुटली तोच शब्द अनोळखी माणसासमोर, कदाचित इतर लोक ऐकत असताना, उच्चारावा लागतो. कायद्यानेही हा शब्द दीर्घकाळ जपला होता. १८९८ चा कुष्ठरुग्णविषयक अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख पाच वैयक्तिक कायद्यांतून निघण्यास २०१९ साल उजाडले. याचा अर्थ, आज सत्तरीत असलेल्या गृहस्थाने आपल्या प्रौढ आयुष्याचा बहुतेक काळ कायदा आपल्या विरुद्ध आहे हे जाणूनच काढला. त्याला जमिनीच्या कामासाठी कायद्याकडे आणणे हे माहिती देण्याइतके सोपे नाही. स्वयंसेविकेला दुसरा आधार उपलब्ध असेल, उदाहरणार्थ उत्पन्नाचा, तर तो घ्यावा आणि आजाराचा विषय त्याने स्वतः काढेपर्यंत थांबावे. दाव्याला आजाराचा संदर्भ लागणारच असेल तर तो गाऱ्हाण्यात येईल, अर्जात येण्याची गरज नाही.

अर्जाच्या तळाशी ‘सही अथवा अंगठा’ असे छापलेले असते. कुष्ठरोगाने ज्याच्या बोटांची संवेदना व आकार हिरावला आहे, त्याच्यापुढे शाईचा डबा सरकवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, एवढेही शिकवणारा परिच्छेद प्रशिक्षणात आवश्यक वाटतो.

तारीख, सातबारा आणि सोबत आलेले लोक

मुलाखतशास्त्रावरील पाश्चात्त्य लेखनात डेव्हिड बाइंडर व सुझन प्राइस यांच्या १९७७ च्या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. अशीलकेंद्री पद्धतीचा पुरस्कार करताना त्यांनी मुलाखतीचे तीन टप्पे मानले : प्रश्नाची प्राथमिक ओळख, घटनांचा कालक्रमाने आढावा, आणि त्यानंतरच कायदेशीर शक्यतांची पडताळणी. पडताळणी शेवटी, हा त्यातील क्रम नेऱ्यातही तितकाच मोलाचा आहे. उपरोक्त ‘खण भरण्याच्या’ प्रवृत्तीवर तो चांगला उतारा आहे. अडचण येते ती दुसऱ्या टप्प्याशी.

कालक्रम म्हणजे कोणाचा काळ? ‘उचल कधी घेतली?’ या प्रश्नाला वाडीवरचे उत्तर ‘भात कापायच्या आधी’, ‘शिमग्याच्या पुढच्या बाजाराला’ असे येते. स्वयंसेविका त्याचे भाषांतर करून एक तारीख लिहून टाकते, कारण रकाना तारखेचा असतो. हे भाषांतर निरुपद्रवी नव्हे. पूर्वीच्या लेखी निवेदनाशी विसंगती दाखवून साक्षीदाराला खोडून काढता येते, हे पुराव्याच्या कायद्याचे साधे तत्त्व आहे. बाईने कधीही न उच्चारलेली तारीख तिच्या तोंडी घातली गेली, तर वर्षभराने न्यायालयात ती खोटी ठरते. म्हणून टिपणात प्रथम तिचेच शब्द यावेत, त्यापुढे स्वयंसेविकेचा अंदाज म्हणून महिना लिहावा आणि तो अंदाज आहे हेही नमूद करावे. सण, पेरणी, भट्टीचा हंगाम, आठवडी बाजार यांचे एक साधे कोष्टक सोबत ठेवणे ही मुलाखतीची पूर्वतयारीच होय. पूर्वतयारी म्हणजे केवळ अधिनियम वाचून जाणे, हा समज त्यामुळे तरी दूर होईल. पावसाळा सरल्यावर वाडीवर गेल्यास निम्मी घरे बंद असतात, हेही त्या तयारीतच मोडते.

जमिनीच्या बाबतीत हीच गोष्ट ‘सातबारा आहे का?’ या प्रश्नाची. उत्तर ‘नाही’ आले की मुलाखत संपते. रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, वनजमिनीवर आदिवासी गटांना शेतीसाठी दिलेल्या ‘दळी’ भूखंडांची नोंद पुष्कळदा गटप्रमुखाच्या नावे असते. कसणाऱ्या इतर घरांचा कागदोपत्री पत्ता नसतो. ‘दळी कोणाची होती, तुमचा वाटा कुठे, बांध कोणी घातला?’ असे विचारले तर तीच मुलाखत तासभर चालेल. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन आणि बांध, विहीर, घर, दफनभूमी यांसारख्या प्रत्यक्ष खुणा या दोहोंना पुरावा म्हणून स्थान दिले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावयाचा तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीची गरज लागणार. अशा दाव्यात ऐकणे म्हणजेच पुरावा जमवणे असते.

अशीलकेंद्री पद्धत आणखी एक गोष्ट गृहीत धरते : समोर एकच अशील बसलेला आहे. वाडीवरून माणूस एकटा येत नाही. बाईबरोबर दीर येतो, शेजारीण येते, कधी मुकादमाच्या ओळखीचा ‘मदत करणारा’ येतो आणि बोलतोही तोच. सर्वांना बाहेर काढले तर बाई बिचकते. सर्वांना बसू दिले तर तिचे बोलणे त्यांच्या तोंडून येते. येथे संबोधनापासूनच सुरुवात करावी लागते. ‘मावशी, पाणी घ्या’ या वाक्याने जे साधते ते ‘नाव सांगा’ने साधत नाही. वाडीच्या बोलीत समोरच्याला ‘तू’ म्हणणे अनादराचे नसते, हे जाणून तिच्या ‘तू’ला ‘तुम्ही’ने उत्तर द्यावे. कचेऱ्यांत नेमके उलटे घडते.

एक पूर्वपीठिका : शीला बारसे खटला

वकील नसलेल्या व्यक्तीने घेतलेली मुलाखत न्यायाच्या प्रक्रियेत किती वजनदार ठरू शकते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिका म्हणून दखल घेतली. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन या स्त्रियांशी बोलण्यास सांगितले आणि मुलाखतीच्या वेळी अन्य कोणीही उपस्थित असू नये, असेही निर्देशिले. १९८३ च्या निकालात अटकेतील व्यक्तीची माहिती विधी साहाय्य समितीस तत्काळ देणे, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीत करणे असे निर्देश आले, त्याची मुळे या दोन बिनवकिली मुलाखतींत आहेत.

या खटल्याची चर्चा कोठडीतील स्त्रियांच्या हक्कांच्या अंगाने पुष्कळ होते, आणि ते रास्तच आहे. मुलाखतीच्या अंगाने मात्र ती होत नाही. पत्रकार व समाजकार्याच्या प्राध्यापक, दोघींकडेही भरावयाचा अर्ज नव्हता. एकांत होता आणि ऐकण्यास वेळ होता. २००९ च्या योजनेने स्वयंसेवकाला प्रशिक्षण दिले, ओळखपत्र दिले. हा एकांत मात्र संहितेत कोठे ठळकपणे येत नाही. पंचायतीच्या पडवीत, इतरांच्या रांगेसमोर घेतलेली मुलाखत आकडेवारीत मुलाखतच ठरते.

मराठी रंगभूमी व चित्रपट यांनी न्यायालयाचे आकर्षण जोपासले ते साक्षीच्या पिंजऱ्याभोवती. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात बेणारेबाईंविषयी सर्व जण बोलतात. तिची स्वतःची हकीगत येते ती अखेरीस, प्रदीर्घ स्वगतातून, आणि त्या वेळी रंगमंचावरील इतर पात्रे निश्चल असतात. ऐकणारा कोणी नसताना सांगितलेले ते गाऱ्हाणे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये मृत सफाई कामगाराची विधवा साक्ष देते ती विचारल्या प्रश्नापुरती. त्यानंतर वकिलाच्या गाडीत बसल्यावर मात्र ती त्याने देऊ केलेले पैसे नाकारून काम मागते. तिला काय हवे होते, ते न्यायालयाबाहेर कळले. दोन्ही कृतींचे समीक्षण न्यायव्यवस्थेवरील भाष्य म्हणून झाले आहे. पहिली मुलाखत घडलीच नाही तर काय होते, याचा अभ्यास म्हणूनही त्या वाचता येतील.

ऐकणाऱ्या कानाला संरक्षण आहे काय?

आतापर्यंतचे विवेचन अधिक ऐकावे या दिशेने गेले. त्याला एक गंभीर मर्यादा आहे आणि ती योजनेच्या प्रचारात जवळजवळ अनुल्लेखित राहते. अशिलाने वकिलास सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्येही आहे. ते संरक्षण वकिलाचे दुभाषे, कारकून व कर्मचारी यांच्यापर्यंत पोहोचते. विधी स्वयंसेवक यांपैकी कोणीही नाही. तो वकिलाचा कर्मचारी नसून विधी सेवा संस्थेने निवडलेला नागरिक आहे. तेव्हा त्याच्याजवळ सांगितलेले या कलमाच्या शब्दांत स्पष्टपणे बसत नाही. उलट, पोलिसांजवळ दिलेली कबुली पुराव्यात चालत नसली तरी, पोलिसांच्या ताब्यात नसताना खाजगी व्यक्तीजवळ दिलेली कबुली तत्त्वतः चालू शकते. न्यायालये तिला दुबळा पुरावा मानतात, एवढाच दिलासा.

वीटभट्टीच्या उदाहरणात ही शक्यता दूरची नाही. नवऱ्याला सोडवताना झटापट झाली, मुकादमाला लागले, असे बाई बोलण्याच्या ओघात सांगून जाईल. सहृदय स्वयंसेविका ते तन्मयतेने ऐकेल आणि प्रामाणिकपणे टिपणात उतरवेल. ऐकण्याच्या कौशल्यात ती जितकी निष्णात, तितका अशिलाला धोका अधिक, असा हा विपरीत पेच आहे. यावर काहींचे म्हणणे असे की, म्हणूनच स्वयंसेवकाने अर्ज भरण्यापलीकडे जाऊ नये. ते पटण्याजोगे नाही. संरक्षणाची उणीव कायद्यात आहे, तिची भरपाई गाऱ्हाणे न ऐकून करणे म्हणजे अशिलालाच दंड करणे होय. विधी सेवा संस्थेच्या वतीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या सर्वांना हे संरक्षण देणारी स्पष्ट तरतूद अधिनियमात यावयास हवी. सक्षम विधी सेवा असे विनियमाच्या नावातच म्हटल्यावर गुपित राखण्याची क्षमता त्यातून वगळता येत नाही.

अशी तरतूद येईपर्यंत दिवाणी व फौजदारी गाऱ्हाण्यांत स्वयंसेवकाने फरक करणे भाग आहे. जमीन, मजुरी, पोटगी, दाखले यांविषयी सविस्तर ऐकावे. ज्याच्यावर आरोप आहे किंवा येऊ शकतो त्याला घटनेविषयी काहीही विचारू नये. अटक केव्हा झाली, घरी कळवले का, मार लागला आहे का, औषध मिळाले का, वकील दिला का, एवढेच विचारावे आणि त्याला विधी साहाय्य वकिलाकडे पोहोचवावे. मात्र हा फरक अशिलाला आधी सांगितला तरच उपयोगाचा. त्यासाठी नेऱ्यातील स्वयंसेविकेला मुलाखतीच्या आरंभी, पाणी देऊन झाल्यावर आणि वही उघडण्यापूर्वी, प्रमाण मराठीत नव्हे तर समोरचीच्या बोलीजवळच्या मराठीत काही वाक्ये बोलावी लागतील : ‘मावशी, मी वकील नाही. तुमची मजुरी, तुमची जमीन यांचं सगळं मला सांगा. भांडण-मारामारीचं काही असेल तर ते माझ्यापाशी नको, ते वकिलीणबाईंना सांगा; त्यांच्यापर्यंत मी तुम्हाला घेऊन जाते.’